राखणदाराचे पाणी

जंगल जिथे विरळ होत जाते आणि उघडा माळ सुरू होतो, तिथे ओढ्याकाठच्या बाभळींजवळ एक शेळी राहत असे. तिला दोन करडे होती. स्वभावाने ती काही वाईट नव्हती, बाळांनो, पण काळजी फार करायची. करडू नुसते शिंकले तरी ती त्याला हुंगायला धावायची. पान हलले तरी कान टवकारून उभी राहायची.

तिच्या घरी एक कुत्रा होता. अगदी लहान पिल्लू असताना तो मेंढरांच्या कळपाबरोबर आला होता आणि मागे राहून गेला होता. शेळीने त्याला आपल्या करडांबरोबर दूध पाजले, कुशीत घेऊन निजवले. तेव्हापासून शेळीचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. ती "बस" म्हणाली की बसायचा, "ऊठ" म्हणाली की उठायचा, मध्ये एक प्रश्न नाही. करडे त्याला दादा म्हणत आणि त्याच्या पाठीवरून उड्या मारत.

मागच्या पावसाळ्यात मात्र त्या घरावर वाईट वेळ येऊन गेली होती. माळावरची जनावरे उन्हाळ्यातच पावसाळ्याची बेगमी करून ठेवतात. शेळी बाभळीच्या शेंगा गोळा करी आणि ओढ्यावरच्या चढावर असलेल्या सपाट कातळावर वाळत घाली. त्या वर्षी शेंगा नीट वाळल्या नाहीत. आतल्या आत त्यांना बुरशी धरली. धाकट्या करडाने त्या खाल्ल्या आणि त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. करडू वाचले, पण कसे वाचले ते शेळीलाच ठाऊक. तेव्हापासून ओलाव्याची जी धास्ती तिच्या मनात बसली, ती बसलीच.

म्हणून या उन्हाळ्यात तिने वाळवणाचे नियमच करून टाकले. ओल्या पायाने कातळावर यायचे नाही. वाळवणाजवळ शिंकायचेसुद्धा नाही. आणि वानरांनी शेंगा पळवू नयेत म्हणून कुत्र्याने सकाळपासून ऊन उतरेपर्यंत कातळावर राखण करायची.

कुत्र्याला आनंदच झाला. आपल्यावर घराची एवढी मोठी जबाबदारी टाकली, म्हणून तो शेपूट वर करून कातळावर जाऊन बसला. शेजारी त्याचा पाण्याचा परळ ठेवलेला होता. परळ म्हणजे मातीचे पसरट भांडे, तुम्ही पाहिले असेल. आता कुत्रा पाणी कसा पितो, तेही तुम्हाला ठाऊक आहे. जिभेने चळप चळप करून, चार थेंब पोटात तर दोन थेंब बाहेर. आणि पिऊन झाल्यावर वर तोंड झटकायचे. पहिल्याच दिवशी शेंगांवर पाण्याचा शिडकावा झाला.

"अरे अरे अरे! काय केलंस हे!" शेळी धावतच आली.

"बाई, मी मुद्दाम नाही केलं," कुत्रा कान पाडून म्हणाला.

"मुद्दाम नाही आणि चुकून नाही. थेंब म्हणजे थेंब. बुरशी काय विचारून येते का, की येऊ का म्हणून?"

तिने परळ तोंडाने ढकलत लांब, आपल्या खोपीच्या मागे नेऊन ठेवला.

"मग तहान लागली तर?" कुत्र्याने हळूच विचारले.

"तर मला हाक मार. मी येऊन तुझ्या जागी बसेन, मग तू जा. पण जागा रिकामी टाकून जायचं नाही. ते मेलं वानर टपलेलंच असतं."

म्हणायला हे ठीक होते. यात चुकीचे काय, असे तुम्हीही म्हणाल. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्र्याने हाक मारली. शेळी ओढ्याकाठी शेंगा गोळा करत होती. ती काम टाकून चढ चढून वर आली, तेव्हा तिला धाप लागली होती.

"आत्ता? सकाळीच तर प्यायलास ना पोटभर? माझ्याकडे बघ. उजाडल्यापासून पाण्याला तोंड लावलं नाही मी. मेले का?"

"आई नाही मेली!" करडे ओरडली आणि हसत सुटली.

कुत्राही शेपूट हलवून हसला. "राहू दे बाई. तेवढी काही लागली नव्हती," तो म्हणाला आणि पुन्हा बसला.

तिथेच सगळे चुकले बघा. शेळी खोटे बोलत नव्हती. तिने खरेच पाणी प्यायले नव्हते. पण दिवसभर ती सावलीत फिरत होती आणि कोवळा, रसरशीत पाला खात होती. त्या पाल्यातूनच तिला पाणी मिळत होते. कुत्र्याचे तसे नसते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उकडले की तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोच त्याचा घाम, आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातले पाणी बाहेर जात राहते. वर ऊन, खाली तापलेला कातळ, आणि परळ लांब खोपीमागे. शेळीने त्याची तहान आपल्या तहानेच्या मापाने मोजली.

त्यानंतर कुत्र्याने हाक मारणे सोडून दिले. सकाळी जाताना पिई आणि संध्याकाळी येऊन पिई, एवढेच. बाईला उगाच चढ चढायला कशाला लावायचे, असे त्याला वाटे.

कातळाजवळच्या उंबरावर एक वानर बसायचे. त्याचा आणि कुत्र्याचा रोजचा एक खेळ ठरलेला होता.

"काय हवालदार!" वानर फांदीवरून ओरडे. "जीभ आत घ्या की. वाळवणात पडेल, मग तुमच्या बाई ओरडतील!"

"खाली ये, म्हणजे दाखवतो!" कुत्रा भुंके.

"येतो की. पण आधी तुम्ही डोळे मिटा. लाजाळू आहे हो मी."

कुत्रा असा काही भुंकायचा की साऱ्या माळावर ऐकू जाई, आणि वानर खी खी करत शेंड्यावर पळे. खरे सांगायचे तर दोघांनाही त्यात मजा वाटे.

पण दिवस तापत चालले, तसे कुत्र्याचे भुंकणे बारीक होत गेले. संध्याकाळी करडे म्हणत, "दादा, चल ना पळायला." तो म्हणे, "उद्या." सकाळचे दूध तो अर्धेच पिई. शेळी म्हणे, "उन्हाने जेवण जात नाही. मलाही कुठे जातंय?" एकदा त्याचे नाक तिच्या अंगाला लागले, ते खरखरीत कोरडे होते. तिला वाटले, उन्हाने रापले असेल. तिच्या डोळ्यांसमोर ते सगळे घडत होते, आणि तिचे डोळे शेंगांवर होते.

एके दिवशी दुपारी वारा अगदी थांबला. पानसुद्धा हलेना. वानराने नेहमीप्रमाणे हाक दिली, "काय हवालदार, आज रजेवर का?"

उत्तर आले नाही.

वानर खालच्या फांदीवर आले. मग कातळावर उतरले. त्याने एक शेंग उचलली आणि मुद्दाम कडकन मोडली. कुत्रा पुढच्या पायांवर डोके टेकून पडला होता. डोळे उघडे होते, पण भुंकला नाही. आता वानराला हर्ष व्हायला हवा होता की नाही? पण ओरडणारे कुणी नसले, तर चोरीतही गंमत राहत नाही. ते जवळ गेले. चिडवायचे म्हणून त्याने कुत्र्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. एरवी ती पटकन खाली बसली असती. आज ती तशीच उभी राहिली, ओल्या फडक्याला घडी पडावी तशी.

वानराच्या हातातली शेंग गळून पडली. ते उड्या मारत ओढ्याकडे गेले.

"शेळीवहिनी, ए शेळीवहिनी! वर चल. तुझा कुत्रा बरा दिसत नाही."

शेळीने मान वर केली नाही. "असं का? आणि तुला रे कसं कळलं?"

"कातळावर गेलो होतो."

"गेला होतास! म्हणजे शेंगा खाल्ल्यास."

"एकच मोडली. तरी भुंकला नाही, म्हणून तर सांगतोय. त्याची कातडी बघ, वर धरली की खालीच बसत नाही."

"वा रे वा! चोरी करायची आणि वर वैद्यकी पण! मागे काय म्हणाला होतास? करडू ओढ्यात पडलं. मी खाली धावले, आणि तुझ्या टोळीने इकडे निम्मं वाळवण साफ केलं. आज कुत्रा आजारी. उद्या काय, मीच मेले म्हणून मलाच सांगायला येशील!"

"वहिनी, मागचं ते खोटं होतं. हे खरं आहे."

"चल नीघ!" शेळीने शिंगे रोखली. वानर मागे सरकले.

"बरं बाई. माझं तोंडच चोराचं, त्याला मी काय करू," असे म्हणून ते झाडावर चढून बसले.

शेळी पुन्हा कामाला लागली. एवढा ढीग भरला की जाऊ, असे तिने ठरवले. ढीग भरत आला, तेवढ्यात तिला वरून आवाज ऐकू आले. कातळावर वानरांची सगळी टोळी उतरली होती आणि शेंगांवरून भांडत होती. आणि त्या गलक्यात भुंकण्याचा एकही आवाज नव्हता.

शेळी जिवाच्या आकांताने चढ चढून गेली. बाळांनो, तुम्हाला वाटेल ती कुत्र्याकडे धावली. नाही. ती आधी शेंगांकडे धावली. शिंगे उगारून तिने वानरांना पिटाळले, विखुरलेल्या शेंगा पायाने गोळा केल्या, आणि मग वळून ओरडली, "झोपलास? खुशाल झोपलास तू? एवढा विश्वास टाकला तुझ्यावर आणि..."

बोलता बोलता तिने त्याच्याकडे नीट पाहिले. कुत्र्याचे डोळे खोल गेले होते. ओठ मागे ओढले गेले होते, हिरड्या कोरड्या आणि चिकट दिसत होत्या. जिभेवर दाट लाळेची तार धरली होती. शेळीचा आवाज ऐकून त्याने शेपूट एकदाच हलवले.

"बाई," तो पुटपुटला, "मी जागा सोडली नाही."

शेळी धावत खोपीमागे गेली आणि परळ ढकलत, सांडत घेऊन आली. "पी! पी माझ्या राजा, सगळं पी!" तिने परळ त्याच्या तोंडाशी लावून कलता केला. कुत्र्याने जीव तोडून गटागटा प्यायले, आणि दुसऱ्याच क्षणी ते सगळे भडाभडा ओकून टाकले. होते तेवढेही अंगातले गेले. त्याची मान लटकली.

"वाचवा हो! कुणीतरी या हो!" शेळीने टाहो फोडला.

ओढ्याच्या डोहात एक म्हैस डुंबत बसली होती. ती उठली आणि अंगावरून चिखलपाणी निथळत असताना तशीच कातळावर आली. येताना वाळवण तिच्या पायांखाली तुडवले गेले. शेळीचे तोंड सवयीने उघडले, आणि मिटले.

"सरक," म्हैस म्हणाली. ती कुत्र्याच्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिली, तशी तिची मोठी गार सावली त्याच्यावर पडली. "एवढं पाणी एकदम ओतलंस का त्याच्यात?"

"मावशी, तहानला होता हो..."

"तहानलेल्याला एकदम पाजलं तर पोट ठेवून घेत नाही, पोरी. आणि तो गळून गेलेला, तोंडात ओतलंस तर ठसका लागून श्वासच अडकायचा. आधी सावली. मग त्याचे पंजे आणि पोट भिजव, साध्या पाण्याने. आणि तोंडाला थोडंथोडं. त्यानं चाटलं तर चाटू दे, थांब, मग परत थोडं. घाई तू आधी करायची होतीस, आता करू नकोस."

शेळीने आपले तोंड पाण्यात बुडवून ओले केले आणि त्याच्या जिभेपुढे धरले. त्याने एकदा चाटले. ती थांबली. तिला थांबवत नव्हते, तरी थांबली. मग पुन्हा धरले. करडे पानांच्या द्रोणातून पाणी आणून त्याच्या पंजांवर सोडू लागली. या वेळी पाणी पोटात टिकले.

"शुद्धीवर आला म्हणून इथेच ठेवू नकोस," म्हैस म्हणाली. "आत काय बिघडलंय ते आपल्याला दिसत नाही. तळ्यावर करकोचा वैद्य आहे, त्याच्याकडे नेऊ. माझ्या पाठीवर घाला याला."

पण घालणार कोण? शेळीला हात नाहीत. तेव्हा उंबरावरून वानर खाली उतरले. त्याने कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलले, म्हशीच्या पाठीवर ठेवले आणि पडू नये म्हणून स्वतः त्याला धरून वर बसले. वाटभर शेळी त्याच्याकडे बघू शकली नाही.

करकोच्याने कुत्र्याची हिरडी चोचीच्या टोकाने दाबून पाहिली, मान पाहिली, डोळे पाहिले. त्याला तळ्याकाठच्या गारव्यात ठेवून घेतले आणि औषधाचे पाणी सुरू केले. कितीतरी दिवस तो नुसता पडून होता. शेळी रोज सकाळी जाई आणि वैद्याच्या तोंडाकडे बघत बसे.

"जगेल," एके दिवशी करकोचा म्हणाला. "पण पोटात पाणी गाळून घेणारं जे असतं ना, त्याला धक्का बसलाय. आता याला उन्हात बसवायचं नाही. पाणी कायम तोंडाशी हवं, आणि रोज ताजं. लघवी गडद झाली, खाणं सुटलं, नाक कोरडं पडून तो मलूल दिसला, तर उद्याची वाट न बघता इकडे यायचं."

शेळीचे डोळे भरून आले. "माझ्या करडांसारखंच वाढवलं हो त्याला, वैद्यबुवा. काही कमी केलं नाही."

"करडांसारखं वाढवलंस, हे खरंच आहे," करकोचा म्हणाला. "पण तो करडू नाही. कुत्रा आहे."

"त्यानं मागितलंच नाही हो पाणी."

"एकदाही नाही?"

 त्या दिवशी करडे कशी हसली होती, ते तिला आठवले. आणि त्यांच्या आधी आपण काय बोललो होतो, तेही आठवले.

कुत्रा घरी आला तोवर कातळावरच्या शेंगांची माती झाली होती. शेळीने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. पुढे पावसाळ्यात माळावर पाला एवढा उगवला की करडांना शेंगांची आठवणही झाली नाही. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, ती बेगमी लागलीच नाही.

आता कुत्रा खोपीच्या सावलीत बसून असे. पळत नसे, आणि त्याचे ते माळभर ऐकू जाणारे भुंकणे पुन्हा काही आले नाही. वानर कधीमधी फांदीवरून "काय हवालदार" म्हणे, पण हळू आवाजात, आणि थोडा वेळ बसून निघून जाई. शेळी दिवसातून कितीदा तरी त्याच्यापुढचे पाणी बदलून ताजे ठेवी. "पी रे," म्हणे. "सांडू दे, काही होत नाही."

कुत्रा उठे, पाण्याजवळ येई आणि थांबे. आधी शेळीच्या तोंडाकडे बघे. पिऊ का, असे तोंडाने विचारत नसे, नुसते बघे. ती "पी" म्हणाली तरी दोन घोट घेऊन पुन्हा वर बघे, जास्त तर झाले नाही ना, म्हणून. शेळीने त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "अहो बाई, तुमचं कुठे काय चुकलं?" आणि तो हे मनापासून म्हणाला, त्याचेच तिला जास्त लागले.

शेवटी तिने एक केले. पाणी ठेवायचे आणि आपण बाभळींच्या आड निघून जायचे. तिथे ती पाठ फिरवून उभी राही. आपण दिसत नसलो, तरच तो पोटभर पितो, हे तिला कळले होते.

तात्पर्य : जो आपल्या भरवशावर असतो, त्याची तहान आपल्या तहानेवरून मोजू नये, त्याच्याजवळ पाणी त्याने मागायच्या आधीच ठेवावे, कारण मागून नाही मिळाले तर तो मागणेच सोडून देतो.